एका ‘च’ची जागा

शालिमारच्या मागच्या गल्लीत माझं दुकान.
फ्लेक्स चौरस फुटाला बारा रुपये, रिंगा मारून हवा तर चौदा.
निकालाच्या आदल्या आठवड्यात
वाढदिवस थांबले, पुण्यस्मरणं थांबली,
मशीन रात्री दीडपर्यंत एकच वाक्य ओढत होतं.

मुलीचं नाव छापायचं नसतं, तसा कायदा आहे.
तिच्या जागी मेणबत्ती टाकायचो,
नेटवरून उतरवलेली, सगळ्यांना तीच.
ज्येष्ठ नागरिक संघ, इंदिरानगर.
रिक्षा स्टँड, द्वारका.
बोरस्ते सरांचे क्लासेस, तळाला अकरावीचे प्रवेश सुरू.
पिंगळे वहिनींनी काळ्या पट्टीच्या पैशांवरून घासाघीस केली,
मग स्टुलावर बसून रडल्या. खरंच रडल्या.
त्यांची धाकटी त्याच शाळेत.
गायधनी वकील दाराशी रेंगाळले,
म्हणाले, जन्मठेप म्हणजेही काही कमी...
तेवढ्यात मेहेर सिग्नलकडून मोर्चा वळला.
म्हणाले, तीन बाय दोनचा एक काढ माझ्याही नावाने.

आत्या दरवर्षी नाशिकरोडच्या जेलमधून गणपती आणते,
कैद्यांच्या हातचा.
सोंड बघ, म्हणते, किती मायेने वळवलीय.
निवेदनावर तिची सही सातवी.

माझं मत कुणी विचारलं नाही. मी प्रूफ दाखवतो.
पण गोल्फ क्लबवर मीही गेलो होतो,
घसा बसेपर्यंत ओरडलो,
आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तर तो ‘च’.
गडबडीत एका आठ बाय चारमध्ये राहिला.
फाशी झाली पाहिजे.
मंडळाचा निमसे आला, वाचलं, पुन्हा वाचलं.
हे काय, रजेच्या अर्जासारखं?
‘च’ कुठाय? सगळा जोर ‘च’मध्ये असतो, भाऊ.
नवा काढून दिला, ‘च’ लाल, बाकीच्यांहून दोन इंच उंच.
जुना गुंडाळून कोपऱ्यात.

निकाल लागला. पाहिजे होता तोच.
रविवार कारंजावर फटाके वाजले,
कुणीतरी माझ्याही तोंडात पेढा कोंबला.
सोमवारी त्याच बांबूंवर
कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस चढला.

दिवाळीनंतर ठकूबाई आली.
नाव तिने सांगितलं नाही.
पण चॅनलवर कोर्टाच्या पायऱ्यांवर
पदर तोंडाशी धरलेला तो हात मी ओळखला,
मनगटावर गोंदलेलं तुळशीचं रोप.

जुना फ्लेक्स आहे का? छपराला.
म्हटलं, बघतो.
टूथपेस्टचा दाखवला, दंतवैद्य हसत होते.
नको, म्हणाली. तो नको.
कोपऱ्यातल्या गुंडाळीकडे बोट केलं.
कडेने मेणबत्तीची ज्योत दिसत होती.

मावशी, त्यावर...
मला वाचता येतं, चौथी झालेय मी.
अक्षरं वरती करून टाकीन.
रात्री दगड येतात.
वाटलं होतं, निकाल लागला की थांबतील.
समोर चार मजली झालीय, गच्चीवरून पोरं मारतात.
वाचतील तर समजंल,
आमचंबी तेच म्हणणं आहे.

पुढे काही बोलली नाही.
मशीनमध्ये एका बारशाचा पाळणा अर्धा निघून थांबला होता.

मी फ्लेक्स फरशीवर पसरला.
तिने हाताने मोजला, कोपरापासून बोटापर्यंत, दोनदा.
पुरंल, म्हणाली.
मग उकिडवी बसून वाचायला लागली,
ओठ हलवत, एकेक शब्द.
शेवटाशी आली. परत मागे गेली.
चौकातल्या फ्लेक्सला जास्त होतं की काही.

मी म्हटलं, हो. एक अक्षर.

ड्रॉवरमधून मार्कर काढला.
झाली आणि पाहिजे, मध्ये बोटभर जागा.
गुडघे टेकून तेवढ्यात बसवला,
जरा तिरका बसला.
आयुष्यात हाताने काढलेलं ते माझं पहिलं अक्षर असावं, शाळेनंतर.

ती उठली. दारापर्यंत मागे गेली,
डोळ्यांवर हाताची सावली धरून बघितलं,
गच्चीवरून बघावं तसं.

अजून ठळक करा, म्हणाली.